७० चं वजन ६१ वर आणायला सांगितलंय, आता तालमीत जायचीच इच्छा होत नाही. पहिलं कुणाला सांगू?

तांबडी_माती

नमस्कार सगळ्यांना. नाव सांगत नाही, कॉलेजचं पण नाही, इथं ओळखणारे लई असतात. बेळगाव तालुक्यातला, पश्चिम भागातला आहे, बीकॉम शेवटचं वर्ष. लहानपणापासून तालीम, मातीत पण खेळतो आणि कॉलेजकडनं मॅटवर पण. मागच्या वर्षी ६५ किलोच्या गटात इंटरकॉलेजला पहिला आलो, युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये गेलो, गावात स्टँडवर बॅनर लागला फोटोसकट, तो अजून तिथंच आहे रंग उडालेला.

यंदा ६५ ला आमच्याच कॉलेजात एक नॅशनल खेळलेला पोरगा ॲडमिशन घेऊन आलाय. ७० ला एकजण आधीच पक्का आहे. तर सर म्हणाले ६१ मोकळं आहे, तू उतर, मेडल तुझंच. माझं चालतं वजन ६९-७०. मी होय म्हणून सोडलं, तिथं नाही कोण म्हणतंय.

मग सुरू झालं, दुपारचं जेवण बंद, भाकरी बंद, रात्री दोन अंडी नाहीतर उकडलेले हरभरे, रेनकोटवर स्वेटर घालून उन्हात पळायचं, वजनाच्या आदल्या दिवशी पाणी बंद आणि थुंकत बसायचं. हे सगळे पैलवान करतात, नवीन काही नाही, मी पण आधी २-३ किलो असं केलेलं आहे. खरं यावेळी डोकंच कामातनं गेल्यासारखं झालंय. रात्री जाग येते ती परत झोप नाही. दिवसभर खाण्याचाच विचार, लेक्चरला बसलो तरी मोबाईलवर मिसळ नाहीतर बिर्याणीचे रील बघत बसतो. परवा शहापुरातनं येताना घरी न्यायला म्हणून कुंदा घेतला आणि रूमवर एकट्यानं अख्खा बॉक्स संपवला, नंतर बाथरूममध्ये जाऊन बोटं घालून काढला. लाज वाटते लिहायला, खरं हे आता बऱ्याचदा होतंय. रूममेटला कळलंय, तो काही बोलत नाही, नुसता बघतो.

त्याहून वाईट म्हणजे मॅटवर समोरच्यानं पाडलं तरी मला काही वाटतच नाही. आधी सरावात जरी पॉइंट गेला तरी रात्रभर तळमळायचो. आता पडलो तर पडलो. जत्रेच्या मैदानाला कुस्ती नेमायला माणूस घरी आला होता, मी मागच्या दारानं निघून गेलो. आईवर उगंच ओरडतो. मित्रांचे फोन उचलत नाही.

कुणाला सांगायचं हाच प्रश्न आहे. सरांना सांगितलं तर टीममधनं नाव गेलंच समजा. वस्ताद म्हणणार याचं मन मेलं. वडिलांनी माझ्या खुराकासाठी घरच्या एका म्हशीचं दूध डेअरीला घालायचं बंद केलंय, त्यांच्यासमोर कुठल्या तोंडानं बोलू. कॉलेजला कौन्सिलर मॅडम आठवड्यातनं एकदा येतात, चांगल्या असतील, खरं त्या कन्नड नाहीतर इंग्लिश बोलतात आणि माझं कन्नड बस कंडक्टरपुरतं आहे. शिवाय त्यांची खोली स्टाफरूमला लागूनच, दार सताड उघडं. आणि कुस्तीत रगडून माझे दोन्ही कान फुटलेत, कुठं जाऊन बसलो तरी लांबूनच पैलवान म्हणून कळतं, मनाच्या डॉक्टरकडं नंबर लावून बसलो तर दुसऱ्या दिवशी गावात बातमी.

हे नुसतं वजन उतरवल्यामुळं होतंय का खरंच डोक्याचं काही आहे? आणि पहिलं कुणाला सांगू, तेवढं सांगा.

जुना_वस्ताद

पोरा तुझं सगळं वाचलं. पहिलं ते मोबाईल फेक, रील बघून कुणाची भूक गेली आहे का. पहाटे उठ, जोर मार, देवाचं नाव घे. आमच्या वेळी हे डिप्रेशन-बिप्रेशन काही नव्हतं, पडलो की वस्ताद पाठीत एक घालायचा की सगळं जाग्यावर. पैलवानाचं मन घट्ट पाहिजे.

खरं एक कळेना, ७० चा गडी ६१ ला कशाला? असलं कुणी सांगितलं तुला?

चिक्कोडीकर_८६किलो

वस्ताद नमस्कार, तुमचा मान ठेवून बोलतो, तुम्ही शेवटी विचारलंय तेच पहिलं विचारायला पाहिजे होतं. मी पण कॉलेजकडनं खेळलोय, आता पोट सुटलंय ते सोडा. ७० मधनं ९ किलो म्हणजे अंगाच्या जवळजवळ १३ टक्के होतात. एवढं उतरवून पोरगं हसत तालमीत येईल असं कसं होईल.

भावा तू पॅरिस बघितलास की नाही? विनेश २०२४ ला ५० किलोत एका दिवसात तीन कुस्त्या मारून फायनलला गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाहेर. रात्रभर पळून, घाम काढून, केस कापून सुद्धा. त्याच ऑलिंपिकला अमन सेहरावतनं दहा तासात ४.६ किलो उतरवून ५७ ला ब्राँझ आणलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या तालमीतली पोरं तर तेच उदाहरण देतात. आणि तोच अमन २०२५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला १.७ किलो जास्त भरला म्हणून न खेळता परत आला, ते कुणी सांगत नाही. ही सगळी मोठी माणसं, त्यांच्याबरोबर डॉक्टर असतो, आहारवाला असतो. तुझ्याबरोबर कोण आहे, रेनकोट.

अमेरिकेत कॉलेजची कुस्ती लई मोठी आहे, तिथं १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात साधारण महिन्याभरात तीन कॉलेज पैलवान वजन उतरवताना मेले. रबरी सूट घालून बंद गरम खोलीत व्यायाम, पाणी बंद, सगळं तुझ्यासारखंच. त्यानंतर त्यांच्या कॉलेज खेळाच्या संघटनेनं, एनसीएए म्हणतात तिला, रबरी सूट, सौना आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या सगळ्यावर बंदी घातली. सीझनच्या आधी लघवी तपासून अंगात पाणी आहे का बघतात, चरबी मोजतात, आणि ५ टक्क्यांच्या खाली चरबी जाईल असलं वजन पोराला देतच नाहीत. आपल्याकडं काय, सर बोटानं दाखवतात, तू ६१, तू ७४. संपलं.

एक मात्र सांगतो, सरांना पहिलं सांगू नको. सर वाईट आहेत म्हणून नाही. टीमच्या कागदावर सही त्यांचीच असते म्हणून. ज्याच्या हातात तुझं नाव लिहायचं नाहीतर खोडायचं आहे त्याच्यासमोर माणूस मोकळं बोलत नाही, अर्धंच बोलतो, आणि मग उपाय पण अर्धाच मिळतो.

सोशलवर्कर_ताई

मी मानसिक आरोग्य विभागात सोशल वर्कर आहे, कुठल्या दवाखान्यात ते नको. तांबडी माती, तुझी पोस्ट दोनदा वाचली. आधी एक सरळ विचारते, आडपडदा न ठेवता सांग. जीव नकोसा वाटतो का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का? विचारल्यानं असले विचार वाढत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते, म्हणून विचारते. इथं लिहायचं नसेल तर १४४१६ ला फोन लाव, टेली मानस, सरकारी आहे, फुकट, रात्री-अपरात्री कधीही लागतो, भाषा निवडता येते त्यात मराठी आहे, नाव खरं सांगायलाच पाहिजे असं नाही. झोप उडते म्हणालास ना, त्या वेळी रील बघण्यापेक्षा तिथं फोन कर.

आता तुझा पहिला प्रश्न. वजनामुळं का डोक्याचं. हे दोन वेगळे डबे नाहीत रे. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, १९४४-४५ ला, मिनेसोटा युनिव्हर्सिटीत अँसल कीज म्हणून शास्त्रज्ञानं ३६ धडधाकट तरुणांवर प्रयोग केला होता, ते स्वतःहून तयार झालेले. २४ आठवडे त्यांना अर्धपोटी ठेवलं, जवळपास पाव वजन उतरलं. ती माणसं आधी चांगली हसती-खेळती होती. मग काय झालं, चिडचिड, उदासी, कुणाशी बोलणं नको, कशातच रस नाही, आणि दिवसरात्र खाण्याचाच विचार. त्यातले काहीजण स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. तेव्हा रील नव्हते एवढाच फरक. जेवण परत सुरू झालं तेव्हा काहीजण पोट फुटेपर्यंत खायचे आणि तरी भूक जायची नाही. तेव्हा तो कुंद्याचा बॉक्स तू हावरट आहेस म्हणून संपला नाही, उपाशी शरीर असंच वागतं. जुने वस्ताद, मोबाईल फेकून ही भूक जात नाही हो.

खरं मला उलटीची काळजी जास्त आहे. पाणी बंद, घाम, आणि वर बोटं घालून उलट्या, यात रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. बाहेरून काही दिसत नाही. चक्कर, छातीत धडधड, पायात गोळे येत असतील तर ओपीडीची वाट बघू नको, सरळ इमर्जन्सीला जा. नसेल येत तरी या आठवड्यात रक्त तपासणी आणि ईसीजी करून घे. हे मनाच्या डॉक्टरकडं जायच्या आधी साध्या एमबीबीएसकडं सुद्धा होतं, आणि त्याला "उलट्या करतोय" हे सांगायचंच, लपवायचं नाही, नाहीतर तो ॲसिडिटीची गोळी देऊन पाठवेल.

मनाचं म्हणशील तर, दोन आठवड्यांच्या वर रोज दिवसातला बराच वेळ मन खाली, आवडीच्या गोष्टीत रस नाही, झोप गेली, माणसं टाळतोय, असं असेल तर ते दाखवायलाच पाहिजे. हरल्याचं दुःख सुद्धा होईना हे तू लिहिलंस ते डॉक्टरला त्याच शब्दात सांग.

आणि गावात कळेल म्हणतोस ना. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २३ कलमात लिहिलंय, उपचाराची माहिती गुप्त ठेवायची, डॉक्टर असो वा कौन्सिलर. तू सज्ञान आहेस, तुझे सर फोन करून "आमचा पैलवान आला होता का" विचारायला लागले तर सांगता येत नाही. अपवाद आहेत, जीवाला धोका असेल तर, खरं टीम निवडणं हा काही अपवाद नाही.

तांबडी_माती

ताई खरं सांगतो. स्वतःला काही करावं असं नाही वाटत, खरं कधी कधी झोपताना वाटतं सकाळी जागच नाही आली तर बरं होईल, वजन करायला नको. हे आत्ता पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतोय. पायात गोळे येतात, ते पाणी कमी पडतंय म्हणून येत असतील असं समजत होतो.

सोशलवर्कर_ताई

बरं झालं सांगितलंस. "जागच नाही आली तर बरं" हे सुद्धा आम्ही गंभीर धरतो, घाबरवायला म्हणत नाही. आज रात्री एकटा राहू नको. तुझ्या रूममेटला सगळं माहीत आहे म्हणालास, त्याला आज एवढंच सांग की मला बरं नाही, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. बाकी काही समजावून सांगायची गरज नाही. आणि आत्ता पाणी पी, मीठ-साखर घालून, घोट घोट, वजन काय भरतंय ते बघू नको. पायात गोळे येतात म्हणजे आत्ताच इमर्जन्सीला गेलास तर उत्तम, आत्ता जमलंच नाही तर उद्या सकाळी पहिलं काम रक्त तपासणी, टाळायची नाही. रात्रीत धडधड वाढली, चक्कर आली, नाहीतर तो विचार जोर करायला लागला तर उद्याची वाट बघायची नाही, रूममेटला उठवायचं आणि इमर्जन्सीला जायचं.

बेळगावात सिव्हिलला, म्हणजे बिम्सला, मनोविकार विभाग आहे, तिथं मराठी समजणारे स्टाफ भरपूर, काळजी नको. लांब जायचं असेल, ओळखीचं कुणी भेटू नये असं वाटत असेल तर धारवाडला डिमहान्स म्हणून मनोविकाराचं हॉस्पिटल आहे, सरकारीच. निपाणी-चिक्कोडीकडची पोरं कोल्हापूरला जातात, तेही चालतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पण मनोविकारतज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात, बहुतेक मंगळवारी, खरं फोन करून विचारून जायचं.

खानापूरची_८००मीटर

मी पैलवान नाही, पळते. वाचून अंगावर काटा आला कारण आमच्याकडं मुलींत पण हेच चालतं फक्त वजनकाटा नसतो, आरसा असतो आणि सरांची नजर असते. "जरा जड वाटतेस यावेळी" एवढं एकच वाक्य, आणि पोरगी रात्रीचं जेवण सोडते. माझी पाळी बंद झाली होती आणि मला सिनियर मुलींनी सांगितलं की चांगलं आहे, म्हणजे ट्रेनिंग अंगाला लागतंय. मी पण तेच समजून होते. मग पायाच्या नळीच्या हाडाला बारीक चीर गेली तेव्हा हाडाच्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न पायाचा नाही, पाळीचा विचारला. त्याला रेड्स म्हणतात, खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर एकेक काम बंद करतं, हाडं, पाळी, झोप, मूड, सगळ्यावर येतं, ऑलिंपिक कमिटीनंच २०१४ ला हे नाव दिलंय, मुलांना पण होतं, फक्त पाळीसारखी दिसणारी खूण त्यांच्यात नसते म्हणून उशिरा कळतं.

पाय बरा व्हायला वेळ गेला तो गेलाच, खरं त्या वेळात जे झालं त्याबद्दल कुणी विचारलं नाही. पाय दुखतोय म्हणून सगळे बघायला आले, केळी घेऊन आले. पळायचं बंद झालं तेव्हा मी कोण आहे हेच मला कळेना झालं होतं, सकाळी उठून करायचं काय. नेहरूनगरच्या स्टेडियमवरनं बस जायची तेव्हा मी मान दुसरीकडं करायची. तेव्हा दादा, तू मागच्या दारानं निघून गेलास ते मला बरोबर कळलं.

कौन्सिलरच्या भाषेचं म्हणशील तर, मी लिहून नेलं होतं. मराठीत दोन पानं. त्या मॅडमना मराठी वाचायला यायचं नाही, त्यांनी माझ्यासमोर एका मराठी मॅडमना बोलवू का विचारलं, मी नाही म्हटलं, मग त्यांनीच मला दुसरीकडचा मराठी बोलणाऱ्या ताईंचा नंबर दिला. म्हणजे जायचा फायदा झाला. भाषा येत नाही म्हणून गेलेच नसते तर तो नंबर पण मिळाला नसता. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत शिकलेला कौन्सिलर पाहिजे, तेव्हा दार उघडं ठेवून नुसतं नावाला बसवणं चालायचं नाही, हे कॉलेजला विद्यार्थ्यांनी सगळ्यांनी मिळून विचारायला पाहिजे. आपण मराठी बोर्डासाठी एवढं भांडतो, मराठीतनं रडायची सोय पण मागू की.

आणि वस्ताद काका, राग मानू नका, सिमोन बाइल्स माहीत आहे का? जिम्नॅस्ट. टोकियोला, २०२१ मध्ये, टीम फायनल चालू असताना बाहेर आली, डोकं आणि अंग एकमेकाशी जुळेना झालंय म्हणाली, लोकांनी लई बोलून घेतलं. पॅरिसला तीच परत आली, तीन गोल्ड आणि एक सिल्व्हर. पाठीत एक घालून आलं नसतं ते.

जुना_वस्ताद

बाई तू म्हणतेस ते ऐकलं. गोळ्या-औषधाच्या मी विरोधातच आहे, ते माझं मत आहे. खरं उलटी करणाऱ्या पोराला मी आखाड्यात उतरवणार नाही, हे पण माझंच मत आहे. त्याच्या सरांना कुणीतरी माझ्याकडं पाठवा.

पीडी_एका_कॉलेजचा

मी फिजिकल डायरेक्टर आहे, बेळगाव जिल्ह्यातच, या पोराच्या कॉलेजचा नाही असं धरून चालतो. वर चिक्कोडीकर म्हणाले की सरांना पहिलं सांगू नको, मला वाचून बरं वाटलं नाही, खरं खोटं म्हणता येत नाही. पोरानं येऊन मला सगळं सांगितलं तर मी ऐकीन, चहा पाजीन, पण पुढच्या महिन्यात टीम लिहिताना ते मला आठवणारच. आठवून मी त्याच्या भल्याचं करीन असं मला वाटतं, त्याला ते भलं वाटेल याची काय खात्री. ऐकणारा आणि निवडणारा वेगळा पाहिजे, मोठ्या टीममध्ये तसंच ठेवतात.

आमची बाजू पण थोडी सांगतो. प्रिन्सिपल विचारतात मेडल किती, मॅनेजमेंट विचारतं पेपरात फोटो का नाही, दहा वजनांपैकी एक मोकळं गेलं की टीमचे पॉइंट गेले. त्या दडपणाखाली ६१ ला कुणाला तरी बसवायचं असतं. हे बरोबर आहे असं म्हणत नाही, कुठनं येतं ते सांगितलं.

आता कामाचं. पोरा, सरांना मनाचं काही सांगायची गरज नाही. डॉक्टरकडनं एवढंच लिहून आण की सध्या वजन उतरवणं तब्येतीला योग्य नाही, इतके आठवडे मेहनत बंद किंवा हलकी. कारण लिहायचं बंधन नाही. मेडिकल सर्टिफिकेट आलं की कुठलाही पीडी तुला ६१ ला उतरवायची जबाबदारी अंगावर घेत नाही, उद्या काही झालं तर कागद त्याच्यावरच उलटतो, हे आम्हाला चांगलं कळतं. अटेंडन्सचं पण त्याच कागदावर होईल. आणि बरा झाल्यावर ७० ची ट्रायल माग. ट्रायल मागणं हा तुझा हक्क आहे, "पक्का" वगैरे काही नसतं, मॅटवर ठरतं.

तांबडी_माती

सर धन्यवाद, हे सर्टिफिकेटचं मला सुचलंच नव्हतं. अजून एक शंका. डॉक्टरनं झोपेची नाहीतर मनाची गोळी दिली तर डोपिंगमध्ये सापडतो का? खेलो इंडियाला नाडावाले, म्हणजे डोपिंग तपासणारे, येतात म्हणतात. आणि एका सिनियरनं लघवीची गोळी दिली होती वजनाच्या आदल्या दिवशी घ्यायला, ती मी अजून घेतलेली नाही, खिशात आहे.

निपाणी_मेडिकल

मेडिकल दुकान आहे आमचं, पैलवान गिऱ्हाईक भरपूर म्हणून हे पाठ आहे. ती खिशातली गोळी पहिली फेकून दे. लघवी वाढवणारी औषधं, फ्युरोसेमाइड वगैरे, वाडा म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत, आणि स्पर्धेत तेवढीच नाही, वर्षभर कधीही. तुझ्यासारख्याला त्यात पोटॅशियम अजून उतरेल ते वेगळंच. लई जण या गोळीत सापडतात आणि म्हणतात मी तर ताकदीचं काही घेतलंच नाही.

उलट डिप्रेशनला नेहमी देतात त्या एसएसआरआय गोळ्या, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, बंदी यादीत नाहीत. म्हणजे गंमत बघ, लपवून खायची ती बंद आणि जी खायला लोक लाजतात ती चालते. सगळ्याच मनाच्या गोळ्या चालतात असं मात्र नाही, लक्ष लागावं म्हणून देतात त्या मिथाइलफेनिडेटला स्पर्धेच्या वेळी बंदी आहे, त्याला आधी परवानगी काढावी लागते. तेव्हा डॉक्टरला पहिलंच सांगायचं, मी खेळाडू आहे, माझी टेस्ट होऊ शकते. चिठ्ठी जपून ठेव. आणि वस्तादांचं ऐकून गोळी चालू झाल्यावर मधेच बंद करू नको, कमी-जास्त करायची ती डॉक्टरनं.

चिक्कोडीकर_८६किलो

७० ला कोण आहे रे तुमच्यात? तगडा आहे का? ट्रायल होईल की.

तांबडी_माती

७० वाला म्हणजे माझा रूममेटच. 😅

काल ताईंचं वाचून त्याला सांगितलं, उद्या बरोबर येशील का म्हणून. तो म्हणाला मी कधीपासून वाट बघत होतो तू कधी बोलशील, मी काढलं असतं तर तुला वाटलं असतं ७० ची जागा वाचवायला म्हणतोय. मला खरंच तसंच वाटलं असतं. सकाळी सिव्हिलला जाऊन आलो, त्यानंच केसपेपर काढला, कन्नड पण तोच बोलला काउंटरवर. रक्त दिलंय, ईसीजी झाला, ईसीजी बघून डॉक्टर म्हणाले आत्ता ॲडमिट व्हायची गरज नाही, खरं पोटॅशियमचा रिपोर्ट येऊ दे. मनोविकारच्या डॉक्टरना परवा परत भेटायचंय, त्यांच्याशी मराठीतच बोललो, अर्धा वेळ रडण्यातच गेला. वडिलांना अजून सांगितलं नाही, रूममेट म्हणतोय रविवारी दोघं मिळून जाऊया गावाला. येताना तोच म्हणाला बरा हो, मग ७० ला ट्रायल लढू, जो जिंकेल तो जाईल.

जुना_वस्ताद

शाब्बास. ट्रायलला मी येतो बघायला. कुठल्या तारखेला आहे?

सोशलवर्कर_ताई

वस्ताद, तारीख-बिरीख काही नाही अजून. तांबडी माती, रिपोर्ट येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत मॅटवर पाय नाही, रूममेटबरोबर गंमतीत सुद्धा नाही. तिन्ही वेळ जेव, भाकरीसकट. उलटी करावीशी वाटली तर जेवून झाल्यावर तासभर रूमवर एकटा थांबू नको, रूममेटबरोबर बाहेर फिरून ये. तो रात्रीचा विचार परत आला तर १४४१६, आणि परवाच्या डॉक्टरना पण तो न लाजता सांग. परवा काय म्हणतात ते इथं टाकायचं असेल तर टाक, नसेल टाकायचं तर नको.

तांबडी_माती

बरं ताई. आत्ता मेसला चाललोय, आज दोघांचं ताट तोच भरतोय.